विश्रांतीवरचं व्याख्यान

२ सप्टेंबर, मंगळवार

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलं. आजवर ही हिंमत फक्त माझ्या सासूबाईंनी केली होती, तीही एकदाच.

महिनाभर आवाज घोगरा होता. गेल्या आठवड्यात भूमितीचं प्रमेय सांगताना अर्ध्यावर नुसतीच हवा बाहेर आली. मुलांना वाटलं सिद्धता संपली, त्यांनी वह्या मिटल्या. म्हणून जावं लागलं.

नाकातून नळी घालून तिने मला माझाच घसा पडद्यावर दाखवला. स्वरतंतूंवर दोन गाठी आहेत, मोहरीएवढ्या, भांडायला उभ्या राहिलेल्या जावांसारख्या समोरासमोर.

"रोज किती बोलता?"

"शिकवते. गणिताचे क्लास आहेत माझे. दोन शाखा."

"म्हणजे किती वेळ?"

"सकाळी उजाडायच्या आत पहिली बॅच. रात्री जेवणाच्या वेळेला शेवटची."

"आणि मध्ये?"

"मध्ये पालक."

तिने लिहायचं थांबवलं. "आणि घरी?"

मी उत्तर देण्याआधी आमचे हे खुर्चीत जरा सावरून बसले. बोलले काही नाहीत. हे बोलतच नाहीत. चष्म्याचं दुकान आहे यांचं. गिऱ्हाइकाला 'हे स्पष्ट दिसतं की हे?' एवढं विचारलं की यांचं दिवसभराचं भाषण संपतं.

"तीन आठवडे संपूर्ण मौन," ती म्हणाली. "कुजबुजायचंसुद्धा नाही."

"एकवीस तारखेला तिसऱ्या शाखेचं उद्घाटन आहे. माझं व्याख्यान आहे. गावभर फलक लागलेत."

"विषय काय?"

"ताणमुक्त अभ्यास. मुलांना विश्रांती का हवी."

डॉक्टरीणबाईंना एकदम ठसका लागला. घशाच्या डॉक्टरने निदान स्वतःचा घसा तरी सांभाळावा.

"बघू," मी म्हणाले.

"बघू नाही. गाठी आत्ता मऊ आहेत, गप्प बसलात तर जिरतील. ताणलंत तर तंतूत रक्त उतरेल, मग शस्त्रक्रिया. आणि त्यानंतर जो आवाज येईल तो तुमचाच असेल अशी खात्री मी देणार नाही. फारच साठलं मनात तर लिहून काढा."

म्हणून ही वही. मला साठवायची सवय नाही.

४ सप्टेंबर

मौनाचं वेळापत्रक केलं. वेळापत्रक नसलं की विश्रांतीचा आळस होतो, हे मुद्दाम व्याख्यानात घ्यायचं. सकाळी मौन आणि चालणं, मग मौन आणि प्रश्नपत्रिका, दुपारी मौन आणि पालकांना लेखी निरोप. रिकामी जागा कुठे ठेवलेली नाही.

घरासाठी खुणा ठरवल्या. एक टाळी म्हणजे हे, दोन टाळ्या म्हणजे लेक, टेबलावर थाप म्हणजे दोघं. एका दिवसात घर वळणावर आलं. हे म्हणाले, "शाळेत असल्यासारखं वाटतंय." कौतुकच असावं.

माझ्या बॅच कनिष्ठ सरांकडे दिल्या आहेत. माझाच जुना विद्यार्थी. हुशार आहे, पण बोलतो असा की त्याने वाक्य सुरू केलं की उठून चहा टाकावा; चहा उकळतो तरी क्रियापद आलेलं नसतं. मुलं त्याला हळू सर म्हणतात. तीन आठवड्यांत हा माझा क्लास निजवणार.

लेकीची मात्र काळजी नाही. यंदा शाळेचं शेवटचं वर्ष, मोठी परीक्षा. माझ्याच क्लासच्या पहिल्या बाकावर बसते. पहाटे मी उठते तेव्हा तिच्या खोलीत दिवा असतोच, सांगावं लागत नाही. रक्तात असावं लागतं. हल्ली ताटात अर्धं टाकून उठते. डोक्याचं काम करणाऱ्याला जड जेवण सोसत नाहीच. भुवया फार विरळ केल्यात तिने. आजकाल तशी पद्धत असेल.

८ सप्टेंबर, सोमवार

राहवलं नाही. क्लासच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

अंदाधुंदी. सर फळ्याकडे पाठ करून टेबलाला टेकलेले, आणि एक मुलगी, जिने दोन वर्षांत माझ्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, ती उभी राहून विचारते आहे, "पण सर, मुळात हे करायचंच कशाला?" असल्या प्रश्नाला मी तिथल्या तिथे बसवलं असतं. सरांनी उत्तर द्यायला घेतलं. ते उत्तर संपण्याआधी दुसऱ्या मुलाने ते पुरं केलं, तिसऱ्याने चूक काढली, आणि सर नुसतेच 'हं, हं' करत राहिले. याला शिकवणं म्हणत नाहीत. याला मुलांनी आपापसात शिकणं म्हणतात.

जाताना बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं दिसलं: 'भोंगा बंद.' विजेचा भोंगा आपल्याकडे नाही. कुठल्या भोंग्याबद्दल आहे ते सरांना विचारायला हवं.

११ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवारी यांचं दुकान बंद असतं. गुरुवारी दुपारी हे कुठे जातात ते मी कधी विचारलं नव्हतं. दुपारी मला पालक असतात आणि नवऱ्याला पाय असतात. आज यांनी चपला पायात सरकवल्या तशी मीही पर्स घेऊन उभी राहिले. यांचा चेहरा कॉपी सापडलेल्या पोरासारखा झाला.

दोन गल्ल्या मागे एका शिंप्याचं दुकान आहे. बाहेर बाकडं, त्यावर तीन-चार निवृत्त माणसं आणि एक पोस्टमन. हे दिसताच सगळे सरकून बसले. शिंपी म्हणाला, "या. त्या आजींचं अर्ध्यावर राहिलं होतं."

आणि आमचे हे बोलायला लागले.

कुणी आजी नवा चष्मा घेऊन परत आल्या होत्या. तक्रार अशी की नव्या चष्म्यातून नवरा स्पष्ट दिसतो, तरी जुना परत द्या. यांनी आजींचा आवाज काढला. मग आजोबांचा. मग आजोबा दुकानात येऊन 'हिला अजून थोडा कमी नंबर बसतो का बघा' म्हणाले, तो. पोस्टमनने डोळे पुसले. शिंप्याने मशीनवरचा पाय उचलला आणि मला म्हणाला, "वहिनी, यांच्यापुढे आम्हाला तोंड उघडायला मिळत नाही बघा. घरी तुमचं कसं होतं हो?"

मौन असल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

परतताना हे पुन्हा मिटले. मी चिठ्ठी लिहून दिली: 'घरी का सांगत नाही असलं काही?' यांनी ती वाचली, घडी करून खिशात टाकली. "सांगायला घेतलं होतं एकदा," म्हणाले. "तुझी बॅच होती."

कोणत्या साली, ते बोलले नाहीत.

१५ सप्टेंबर

व्याख्यानाचा प्रश्न सुटला. मी लिहिणार, लेक वाचणार. आईच्या शब्दांना मुलीचा आवाज. याचा परिणाम दुप्पट होईल. आपलं डोकं संकटातच चालतं.

तीन दिवस बसून लिहिलं. पाठीला रग लागली, डोळ्यांची आग होते आहे, पण भाषण असं उतरलंय की ऐकणारा घरी जाऊन आधी झोपेल. लेकीने कागद हातात घेऊन वाचले. तिसऱ्या पानावर थांबली.

"आई, यात 'मी' म्हणजे कोण?"

मी स्वतःकडे बोट केलं.

"आणि 'माझी मुलगी' म्हणजे?"

मी तिच्याकडे बोट केलं. एवढ्या हुशार मुलीला हे विचारावं लागावं याचं नवल वाटलं. तिने कागद नीट जुळवले आणि खोलीत गेली. पाठ करायला घेतलं असणार.

२२ सप्टेंबर, सोमवार

काल उद्घाटन झालं. जसं झालं तसं लिहून ठेवते, कारण लोक उगाच काहीबाही बोलतात.

नव्या शाखेला अजून रंगाचा वास. खुर्च्या कमी पडल्या, मागे लोक उभे. लेकीने पहिली दोन पानं सुरेख वाचली. 'विश्रांती म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे, विश्रांती हा अभ्यासाचाच भाग आहे,' याला टाळ्या पडल्या. एका आईने ते लिहून घेतलं.

मग तिसरं पान. त्यात मी आमच्याच घरचं उदाहरण दिलं होतं: माझी मुलगी वेळेवर झोपते, पोटभर जेवते, मैत्रिणींत रमते, अभ्यासासाठी मी तिला कधी एका शब्दाने बोलले नाही. व्याख्यानात थोडं सुबक करून सांगावं लागतं, सगळेच सांगतात.

लेकीने वाचलं, "माझी मुलगी," आणि थांबली. पुन्हा वाचलं, "माझी मुलगी वेळेवर." आणि तिला हसू आलं. लोकही हसले, गोड वाटलं त्यांना. तिने कागद तोंडाशी धरला, पण हसणं थांबेना. लोकांचं थांबलं, तिचं थांबलं नाही. टेबलाची कड धरून ती वाकली. हळू सर पाण्याचा पेला घेऊन उठले. तोवर ते हसणं राहिलं नव्हतं.

दोन-तीनशे माणसं बघत होती. मी उठले, माइक घेतला आणि बोलायला लागले.

काय बोलले ते आठवत नाही. पण पूर्ण बोलले, शेवटच्या मुद्द्यापर्यंत. आवाज आधी घोगरा होता, मग फाटला, मग नुसता खरखरला. तरी मी थांबले नाही. मध्येच घशात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तोंडाला लोखंडाची चव आली. रुमालावर लाल डाग दिसला पहिल्या रांगेला. संपलं तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

लेकीला हे मागच्या दाराने घरी घेऊन गेले होते, असं नंतर कळलं.

स्टेजची भीती. तालीम कमी पडली.

२३ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पडद्यावर सगळं लाल होतं. शुक्रवारी शस्त्रक्रिया. नंतर महिनाभर एक अक्षर नाही. हे सगळं त्यांनी यांना सांगितलं, माझ्याकडे न बघता.

३० सप्टेंबर

घरी आले. काही दुखत नाही, फक्त गिळताना घसा दुसऱ्याचा वाटतो.

तिसरी शाखा भरली. पूर्ण. सरांनी निरोप दिला की आता नावं नाकारावी लागताहेत. पालकांचे निरोप तर थांबतच नाहीत. 'समर्पण असावं तर असं.' 'तुमच्या रक्तातच शिक्षण आहे,' असं एकाने लिहिलंय. रुमाल बघूनच लिहिलं असेल. एका वडिलांनी लिहिलं: 'रक्त आलं तरी थांबल्या नाहीत. माझ्या मुलालाही असंच घडवा.'

हा शेवटचा मी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून फ्रिजच्या दारावर लावला. लेकीने पाणी घेताना वाचला. बाटली तशीच ठेवून आत गेली. पाणी प्यायलीच नाही.

२ ऑक्टोबर

नवं वेळापत्रक.

५ ऑक्टोबर, रविवार

हे दुकानात. दुपारी मी स्वयंपाकघरात प्रश्नपत्रिका काढत बसले होते. लेक आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. हातात पुस्तक नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं काही शोधते आहे.

"आई, तुला बोलता येत नाही ना अजून?"

मी मान हलवली.

"मग सांगते." आणि तरी बराच वेळ ती टेबलावरच्या डागावर नख घासत राहिली. "मला झोप येत नाही. म्हणजे खूप येते, पण पडलं की जाते. दिवा चालू असतो ना माझ्या खोलीत, तो अभ्यासाचा नसतो. अंधार केला की छातीत धडधडतं, म्हणून ठेवते."

मी ऐकत होते. म्हणजे ऐकत नव्हते, उत्तर तयार करत होते. रात्रीचं बीजगणित पहाटेकडे घ्यायचं, दुपारी वीस मिनिटं पडायचं, रविवारची चाचणी शनिवारी. सगळं जिभेवर तयार होतं.

"पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते. चाचणीच्या दिवशी सकाळी ओकते. बाबांना माहितीये. तुलाही मी सांगायला आले होते दोनदा, तू म्हणालीस जागरणाचं पित्त आहे, थंड दूध घे."

म्हणाले असेन. पित्तावर थंड दूध चांगलंच.

"आणि भुवया मी करत नाही, आई. उपटल्या जातात. वाचताना हात आपोआप जातो."

मी पेन उचललं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. मुलीचा हात इतका हलका झालाय हे मला माहीत नव्हतं.

"लिहू नकोस," ती म्हणाली. "प्लीज. तू लिहिलंस की वेळापत्रक होतं."

पेन खाली ठेवलं. मग दुसरं काहीच करायला नव्हतं. पंचवीस वर्षं मी समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर दिलं आहे. उत्तराशिवाय बसायचं कसं, हे मला येत नाही. हाताचं काय करायचं तेही कळेना. शेवटी मी खुर्ची तिच्या बाजूला ओढली. ती आधी ताठ बसून राहिली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि व्याख्यानाच्या दिवशीचं ते हसणं पुन्हा सुरू झालं, या वेळी सुरुवातीपासूनच रडणं होतं.

ती स्टेजची भीती नव्हती. लिहून ठेवते, कारण वर मी तसं लिहिलं आहे.

६ ऑक्टोबर

फ्रिजवरचा कागद काढला. 'माझ्या मुलालाही असंच घडवा.' घडवलं होतं की एक.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जेवताना हे अचानक बोलले. घरात. सलग.

"ती यंदा परीक्षेला बसणार नाही. मी शाळेत जाऊन सांगून आलोय. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं, त्यांनी मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीय, गुरुवारी जाणार आम्ही. दुकान बंद असतं. पुढच्या वर्षी बसायचं की नाही, ते ती ठरवेल. तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू बोलली असतीस, आणि तू बोललीस की आम्हाला पटतं. तेवढं टाळायचं होतं."

माझ्या घशाशी काय काय आलं. वर्ष वाया जाणं, लोक काय म्हणतील, क्लासचं नाव, बाईंची स्वतःची मुलगी. टाके नसते तर सगळं टेबलावर सांडलं असतं. दोन टाळ्यांची खूणही सुचली, पण लेक समोरच होती, बोलावून काय करणार.

हे जेवत होते. एवढं बोलायला यांना किती वर्षं लागली असतील.

मी उठून यांच्या ताटात वाढलं. होकार समजले असावेत. मलाही अजून नक्की माहीत नाही काय होता तो.

१४ ऑक्टोबर

क्लासच्या सहामाहीचा निकाल आला. माझ्याशिवाय निकाल वर गेला. पेपर सोपा असणार.

पेपर मीच काढला होता.

भोंगा कोण, हेही कळलं. सरांना लिहून विचारलं तर ते कानापर्यंत लाल झाले आणि या वेळी वाक्य सुरूच केलं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लेक आणि हे डॉक्टरांकडे. मी बाहेर बसले. आत बोलावलं नाही. बाकड्यावर माझ्यासारख्या आणखी तीन आया होत्या, तिघीही फोनवर काम उरकत होत्या. एक तर ताडकन उठून कोपऱ्यात जाऊन कुणाला तरी ओरडली, "मी सुट्टीवर आहे म्हणून काय झालं, पाठव मला." तिच्याकडे बघून मला कीव आली. मग वाटलं, हिच्याकडे बघणाऱ्या बाईच्या मांडीवर पेपरांचा गठ्ठा आहे.

लेक बाहेर आली. काय झालं ते सांगितलं नाही, मी खूण करून विचारलंही नाही. घरी येताना तिने माझ्या हातातला गठ्ठा घेतला. "जड आहे गं," म्हणाली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आवाजाची परवानगी मिळाली. रोज पाच मिनिटं, हळू, एका जागी बसून.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीतरी बोला." मी "काय बोलू" म्हणाले. खोलीत दुसरंच कुणी बोललं. खालचा, रेताड, एखाद्या मवाळ बाईचा आवाज. हिला कोण घाबरणार?

त्या म्हणाल्या, "हाच राहील बहुतेक. जपलात तर टिकेल."

घरी येईपर्यंत ठरवत होते की पहिली पाच मिनिटं कुणाला द्यायची. यांना काय म्हणायचं, लेकीला काय. चांगली वाक्यं जुळवली होती. दारात नव्या शाखेचा सुतार उभा. बाकांची उंची चुकवून ठेवली होती आणि वर म्हणतो, मुलांनी जरा वाकून बसावं. पाचही मिनिटं तिथेच गेली. लेक आणि हे सोफ्यावर बसून माझी वाट बघत होते. हिशेब संपला हे कळल्यावर दोघं इतकी हसली की हे चष्मा काढून पुसायला लागले. मीही हसले. त्यालाही मनाई असेल तर असो.

३ नोव्हेंबर

सरांना बोलावलं. "पहाटेची बॅच बंद करतेय," मी म्हणाले. "मुलं झोपेतच येतात, झोपेतच जातात. नवी शाखा तुम्ही सांभाळा, तुमच्या पद्धतीने. जुन्या दोन्हीकडे आवाज पुरता सुटला की मी आठवड्यातून थोडेच तास घेईन."

हे माझं मन मोठं झालं म्हणून नाही. पाच मिनिटांत तीन शाखा चालत नाहीत, हे साधं गणित आहे. मला तिसरी शाखा अजूनही माझ्या नावाने हवी आहे. रस्त्यावरून जाताना फलक दिसला की मी थांबून नाव वाचून घेते.

सरांनी वाक्य सुरू केलं. मी चहा टाकायला उठले नाही. बसून राहिले. क्रियापद आलं: "घेतो."

इतक्या वर्षांत मी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं असतं तर कदाचित आधीच कळलं असतं की माणूस पुढे काहीतरी म्हणतोय.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहा वाजले तरी लेक उठली नव्हती. औषधाने झोप लागायला लागली आहे. दिवा बंद असतो आता.

मी तिच्या दाराशी गेले. 'दहा वाजले, ऊठ' हे तीन शब्द तोंडात तयार होते. हे शब्द मी तिला ती पहिलीत असल्यापासून म्हणत आले, फक्त आकडा दहा नसायचा, पाच असायचा. आज म्हणायची परवानगीसुद्धा होती, पाच मिनिटं पुरी शिल्लक. ती पालथी पडली होती, तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. लहान असताना अशीच झोपायची म्हणे, हे सांगतात. मी बघायला थांबायचे नाही.

दार ओढून घेतलं. अशा कामाचं गुणपत्रक कुणी देत नाही, तेवढं बरं नाही.

मग पुढच्या सत्राचं वेळापत्रक करायला सोफ्यावर बसले. पाठ टेकवली. मांडीवर कागद होता, हातात पेन होतं, एवढं आठवतं.

फोन वाजला तेव्हा ऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. कुणीतरी अंगावर चादर टाकली होती. पलीकडे लेकीचा आवाज.

"हो, त्यांचंच घर. नाही, आत्ता नाही बोलू शकणार. झोपलीये आई."

फोनवरच्या बाई काहीतरी मोठ्याने विचारत होत्या. कुणाची तरी आई असणार. त्या सुरात मीही बोलत असे.

"नाही हो, आजारी नाही," लेक म्हणाली. "काही झालेलं नाही. नुसतीच झोपलीये."

मी जागी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. आमच्या घराण्यात ही बातमी बाहेर जाणं बरं नव्हे. पण आवाज जपायचा असतो, डॉक्टरांनी सांगितलंय. मी कूस बदलली.